एका पैची चूक

(सुभानपुरा, वडोदरा येथे मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)



मठाच्या वर्धापनोत्सवात कोणी बोलावयास उभा राहिला म्हणजे त्याने संतचरित्रातील एखादा प्रसंग घ्यावा, अशी रीत आहे, आणि आरंभी मीही ती पाळणार आहे. मात्र त्या प्रसंगाच्या आधाराने मला बोलावयाचे आहे ते आपल्याच वडोदऱ्यात चाळीस वर्षे राहून गेलेल्या एका चित्रकाराविषयी. त्याचे नाव जगाच्या मोठमोठ्या चित्रशाळांत आदराने घेतले जाते. पण सुभानपुऱ्यात किंवा गोरव्याच्या बाजूला ते किती घरांत ठाऊक असेल, याची मला शंका आहे. चित्रकाराचे नाव भूपेन खख्खर.

प्रथम प्रसंग सांगतो. एकनाथ महाराज देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत होते, तेव्हा स्वामींनी त्यांजकडे हिशेबाचे काम सोपविले होते. एके दिवशी हिशेबात एका पैची चूक आली. नाथांनी दिवा जवळ ओढला आणि रात्रभर वह्या चाळल्या. उत्तररात्री चूक सापडली, तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी पिटली, आणि त्या आवाजाने स्वामी जागे झाले. एका पैसाठी जे चित्त इतके एकाग्र होते, ते भगवंताकडे वळले तर काय होणार नाही, अशा आशयाचे स्वामी बोलले, असे परंपरा सांगते. आपण ही कथा शेकडो वेळा ऐकली आहे. मला तिच्यात नेहमी लक्षणीय वाटते ते एवढेच, की हिशेबाचे काम हलके म्हणून स्वामींनी ते नाथांच्या हातून काढून घेतले नाही. ज्या वहीने रात्र खाल्ली, त्याच वहीकडे बोट दाखवून त्यांनी शिष्याला त्याच्या अंगच्या शक्तीची ओळख करून दिली.

आता भूपेनभाईंकडे वळतो. त्यांचा जन्म १० मार्च १९३४ रोजी मुंबईस झाला. खेतवाडीत त्यांचे बालपण गेले. गिरगावाला लागून असलेल्या या वस्तीत गुजराती आणि मराठी संसार भिंतीला भिंत लावून नांदत आले आहेत. खख्खरांच्या घरीही गुजरातीबरोबर मराठी आणि हिंदी बोलली जाई, इंग्रजी मात्र फारशी नव्हती. चार भावंडांत भूपेन धाकटे. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई महालक्ष्मीबेन यांच्या साऱ्या आशा या मुलावर केंद्रित झाल्या. त्या घराण्यात विद्यापीठाची पायरी चढणारे ते पहिलेच. प्रथम त्यांनी अर्थशास्त्र व राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळविली; मग घरच्यांच्या आग्रहावरून वाणिज्याची पदवी घेतली आणि ते सनदी लेखापाल, म्हणजे आपण ज्याला सी. ए. म्हणतो, ते झाले.

विधवा आईच्या धाकट्या मुलाने सी. ए. व्हावे, यापरते त्या काळच्या मध्यमवर्गीय घराला काय हवे होते? येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी अशाच एका आग्रहापोटी सबंध आयुष्य एखाद्या कारखान्याच्या वा बँकेच्या कचेरीत काढले असेल. त्या आग्रहाला मी दोष देत नाही. ज्या घराने दारिद्र्याची चाहूल ऐकलेली असते, त्याला मुलाच्या हातात कुंचल्यापेक्षा लेखणी बघणे सुखाचे वाटते. भूपेनभाईंनीही बंड केले नाही. दिवसा ते हिशेब लिहीत आणि उरल्या वेळी वाचीत, चित्रे पाहात, थोडेसे रंगवीत.

वळण आले ते १९५८ साली. त्या वर्षी त्यांची भेट गुलाममोहम्मद शेख या तरुण गुजराती कवी-चित्रकाराशी झाली. शेखांनी त्यांच्यातील सुप्त ओढ ओळखली आणि वडोदऱ्याला या असा लकडा लावला. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललितकला विद्याशाखा १९५० साली स्थापन झाली होती. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधरी, शांतिनिकेतनातून आलेले के. जी. सुब्रमण्यन् अशी माणसे तेथे एकत्र आली होती आणि सबंध देशातून मुले तेथे येत होती. भूपेनभाई निघाले १९६२ साली, म्हणजे चार वर्षे विचार करून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. शिकणाऱ्या इतर मुलांच्या मानाने हे वय मोठेच. आणि तेथेही ते दाखल झाले ते चित्रकलेच्या वर्गात नव्हे, कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमात. हाताने रेघ कशी ओढावी, हाडामांसाचा देह कागदावर कसा उभा करावा, हे वर्गात बसून शिकण्याचा योग त्यांना आला नाही. ते स्वतःचे स्वतः शिकले. आणि पोटासाठी? वडोदऱ्यातही त्यांनी एका कारखान्यात अर्ध्या वेळेची हिशेबनिसाची नोकरी धरली, ती अनेक वर्षे सोडली नाही.

येथे आपल्यापैकी एखाद्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. ज्या स्थानी गुरुपरंपरेचा दिवा अखंड तेवत ठेवलेला आहे, तेथे ‘स्वतःचे स्वतः शिकलेल्या’ माणसाचे कौतुक कसले? आपल्याकडे गुरुवाचून राहिलेल्याला निगुरा म्हणतात, आणि तो शब्द काही गौरवाचा नाही. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर भागवताच्या एकादश स्कंधातच आहे. यदुराजाने अवधूताला त्याच्या निश्चिंतपणाचे रहस्य विचारले, तेव्हा अवधूताने आपले चोवीस गुरू मोजून दाखविले: पृथ्वी, वायू, कपोत, अजगर, मधमाशी, पिंगला वेश्या, एक लहान मूल, एक बाण करणारा कारागीर. यांतील एकानेही त्याला अनुग्रह दिलेला नाही. शिष्यत्व सगळे अवधूताच्या डोळ्यांत होते. बाण करणाऱ्याची गोष्ट तर आपणास आठवत असेलच. तो बाण सरळ करण्यात इतका गढला होता की, राजाची स्वारी वाजतगाजत जवळून गेली तरी त्याला तिचा पत्ता लागला नाही.

भूपेनभाईंचे गुरू मोजावयाचे झाले तर यादी अशीच विचित्र होईल. तीत मुंबई-वडोदऱ्याच्या बाजारपेठा येतील, दुकानांवरच्या पाट्या रंगविणारे येतील, नाथद्वाऱ्याची श्रीनाथजींची चित्रे येतील, कंपनी सरकारच्या काळातील देशी चितारी येतील, इटलीतील सिएना शहराचे सहाशे वर्षांपूर्वीचे चित्रकार येतील. आणि आंरी रूसो येईल. हा रूसो पॅरिस शहराच्या जकात नाक्यावर कारकून होता. फावल्या वेळात चित्रे काढी, कोणत्याही शाळेत गेला नव्हता, आणि जाणकार त्याच्या चित्रांना हसत. १९१० साली तो वारला, आणि मग त्या शतकातील थोर चित्रकारांत त्याची गणना होऊ लागली. नाक्यावरच्या कारकुनाचे हे उदाहरण हिशेबनिसाला किती जवळचे वाटले असेल, ते सांगावयास नको.

वडोदऱ्यात असा आपला आपण शिकलेला चित्रकार काही प्रथमच आला नव्हता. राजा रविवर्मा यांनी तरी कोणत्या चित्रशाळेत धडे घेतले होते? लहानपणी मामाने त्यांना रेखाटन शिकविले. पण तैलरंगांचे तंत्र शिकविणारा कोणी मिळेना. त्रावणकोरच्या दरबारी थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार आला, त्याचे काम निरखण्याची तेवढी मुभा मिळाली. बाकी सारे त्यांनी चुकत-माकत हस्तगत केले. त्याच रविवर्म्यांना महाराजा सयाजीरावांनी येथे पाचारण केले, आणि लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातील व पुराणांतील विषयांवरची चौदा चित्रे काढून घेतली. पुढे १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईस शिळाप्रेस घातला. तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्यातून लक्ष्मी, सरस्वती, दत्त, राम आणि कृष्ण रंगीत होऊन बाहेर पडले आणि थेट गोरगरिबांच्या देवघरात जाऊन बसले. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकण्याची मनाई होती, त्यांच्याही भिंतीवर देव आला. या घटनेचे महत्त्व किती, हे देवघर असलेल्या कोणालाही समजावून द्यावे लागणार नाही.

भूपेनभाईंनी वडोदऱ्यात आल्यावर प्रथम हात घातला तो नेमका याच चित्रांना. बाजारात मिळणारी देवादिकांची छापील चित्रे त्यांनी आणली, कात्रीने कापली, आरशांवर आणि फळ्यांवर चिकटविली, वर रंगांचे फराटे ओढले. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास ही चित्रे मुंबईत प्रदर्शित झाली.

देवाच्या चित्राला कात्री लावली, हे ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती पडणे स्वाभाविक आहे, आणि त्या कृतीत खोडी मुळीच नव्हती असेही मी म्हणणार नाही. खोडकरपणा त्या गृहस्थाच्या हाडीमाशी होता. परंतु थोडा विचार करावा. वर्ष संपले की दिनदर्शिकेवरच्या बालाजीचे आपण काय करतो? टाकवत नाही आणि ठेवताही येत नाही, म्हणून पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतो, आणि मागे वळून पाहात नाही. आपण पाराशी सोडलेली ती चित्रे या माणसाने उचलली. विद्वान मंडळी त्या काळी बाजारी चित्रांकडे तुच्छतेने पाहात. त्यांच्या लेखी कला म्हणजे एक तर अजिंठा, नाही तर पॅरिस. कोट्यवधी लोक सकाळी उठून ज्या चित्राला हात जोडतात, ते चित्र पाहण्याच्या योग्यतेचे आहे, असे ठामपणे म्हणणाऱ्या पहिल्या थोड्या चित्रकारांत भूपेनभाई होते. मला तरी यात अवहेलनेपेक्षा आस्था अधिक दिसते.

यानंतर त्यांच्या चित्रांत माणसे आली. कोण माणसे? १९७२ सालची दोन चित्रे प्रसिद्ध आहेत. एकाचे नाव ‘जनता वॉच रिपेअरिंग’, दुसऱ्याचे ‘डी-लक्स टेलर्स’. एकात घड्याळजी आपल्या घड्याळांत, दुसऱ्यात शिंपी आपल्या कापडांत. शिवाय न्हाव्याचे दुकान आहे, जिलबी खाणारा एक गृहस्थ आहे, हातात प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ घेतलेला एक माणूस आहे. यांची आकृती कित्येकदा अवघडलेली दिसते. हात कोठे ठेवावा हे कळू नये तशी ती माणसे उभी असतात. हे शिक्षणाच्या अभावाने झाले, असे टीकाकार म्हणत, आणि आरंभी ते खरेही असेल. पण फोटो काढून घ्यावयास स्टुडिओत गेलेला आपला काका आठवा. तो असाच उभा नसतो काय? शाळेत घोटून घेतलेल्या हाताने हा अवघडलेपणा नकळत दुरुस्त करून टाकला असता.

आणि ही माणसे त्यांना दिसली कोठून? कचेरीच्या वाटेवर. अर्धा दिवस खतावणी लिहिणाऱ्या, दुपारी चहाच्या टपरीवर सहकाऱ्यांबरोबर उभे राहणाऱ्या माणसालाच या एकाकी, नीटनेटक्या, कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या लोकांचा सहवास घडतो. चित्रशाळेतील थोर मंडळींना तो घडत नव्हता. घरच्यांनी लादलेला हिशेबाचा मार्ग त्यांच्या कलेला आडवा आला, असे वरवर पाहता वाटते. मला वाटते की, तो आडवा आलाच नसता तर त्यांना रंगविण्यासारखे काही सापडले असते की नाही, कोण जाणे. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून चाक तपासतो तेव्हा तो भागवतातील बाण करणाराच असतो. पण ते ओळखण्यासाठी पाहणाऱ्यानेही रात्र-रात्र पैची चूक शोधलेली असावी लागते. (त्या शिंप्याचे चित्र २०१७ साली लंडनमध्ये लिलावात निघाले, तेव्हा त्याला दहा लाख पौंडांवर किंमत आली. शिवणावळीच्या हिशेबात हे कोठे बसवावे, ते भूपेनभाईंनाच विचारावे लागले असते.)

आता मी ज्या भागाकडे येत आहे तो बोलण्यास अवघड आहे, आणि त्याला वगळून बोललो तर या माणसावर अन्याय होईल.

आपण सर्वांनी लहानपणी बापलेक आणि गाढव यांची गोष्ट ऐकली आहे. बाप बसला तरी लोक हसतात, लेक बसला तरी नावे ठेवतात, दोघे बसले तर निर्दय म्हणतात, आणि दोघांनी गाढवालाच खांद्यावर घेतले तर मूर्ख म्हणतात. १९८१ साली भूपेनभाईंनी ही गोष्ट रंगविली. चित्रात एक पुरुष घराच्या सज्जात पाठमोरा उभा आहे, अंगावर वस्त्र नाही, आणि समोरच्या गावात तो बापलेकांची ही सारी फरफट पाहात आहे. आपल्याकडील जुन्या भित्तिचित्रांत असते तशी तीच माणसे एका चौकटीत पुनःपुन्हा येतात. चित्राला त्यांनी नाव दिले, त्याचा अर्थ असा की, सगळ्यांना खूश करता येत नाही. तो पाठमोरा पुरुष म्हणजे ते स्वतः. त्यांचे वय तेव्हा सत्तेचाळीस होते. भूपेनभाईंचे प्रेम पुरुषावर जडणारे होते, आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी हे आईपासून, नातलगांपासून, बहुतेक मित्रांपासून लपवून काढला होता. त्या चित्रापासून त्यांनी लपविणे सोडले. पुढल्याच वर्षी त्यांनी काशीच्या पार्श्वभूमीवर दोन पुरुषांचे आलिंगन रंगविले.

ते चित्र मठाच्या भिंतीवर लावावे, असे मी सुचविणार नाही. पण त्यातील धैर्य कोणत्या प्रतीचे होते, हे आपल्यासमोर मांडणे मी कर्तव्य समजतो. त्या काळी असे प्रेम कायद्याने गुन्हा होते. सर्वोच्च न्यायालयाने ते गुन्ह्यांतून वगळले ते सप्टेंबर २०१८ मध्ये. तोवर भूपेनभाईंना जाऊन पंधरा वर्षे झाली होती. सरकारने १९८४ साली त्यांना पद्मश्री दिली होती आणि कायद्याच्या पुस्तकात ते अपराधी होते, दोन्ही एकाच वेळी. आपल्या कुटुंबांत, या सभागृहातही, असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, जिने आपले तोंड अजून उघडलेले नाही. आणि तिची आई भोळ्या समजुतीने लग्नाची स्थळे पाहात असेल. महालक्ष्मीबेनच्या घरातले ते मौन मला म्हणूनच परके वाटत नाही. त्यात आईचा जाच होता असे मी म्हणत नाही. मुलाची माया होती, आणि भय होते, आणि दोन्ही इतकी एकमेकांत मिसळलेली होती की वेगळी काढता येऊ नयेत.

लोकांना खूश करण्याचा प्रश्न नाथांच्याही घरी आला होता. श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, तेव्हा पैठणचे ब्राह्मण कोपले. भागवतासारखा ग्रंथ प्राकृतात आणला म्हणून काशीच्या पंडितांनी जाब विचारला. तेथेच १५७३ साली तो ग्रंथ पूर्ण झाला. आणि परंपरा सांगते की, पोटचा मुलगा हरिपंडित बापाच्या या वागण्याला कंटाळून घर सोडून काशीस निघून गेला. ज्यांना आज आपण पालखीत मिरवितो, त्यांना त्यांच्या घरातल्यानेही स्वीकारले नव्हते. मी नाथांची आणि या चित्रकाराची तुलना करीत नाही. तशी केली तर भूपेनभाईच प्रथम हसले असते. १९७२ साली त्यांनी आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका काढली, तीत चित्रकाराच्या मोठेपणाची, म्हणजे स्वतःचीच, यथेच्छ थट्टा केली होती.

उरलेले थोडक्यात सांगतो. ते गुजरातीत कथा लिहीत, ‘मोजीला मणिलाल’ नावाचे नाटक त्यांनी लिहिले. इंग्लंडात काही काळ त्यांनी शिकविलेही. ज्याला रेघ ओढावयास कोणी शिकविले नव्हते, तो बाथच्या कला अकादमीत शिक्षक म्हणून उभा राहिला. १९९२ साली जर्मनीत कासेल येथील डॉक्युमेंटा या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २००२ साली माद्रिदच्या राईना सोफिया संग्रहालयाने त्यांच्या सबंध कारकिर्दीचे प्रदर्शन भरविले. मात्र या सगळ्यांतून ते परत येत ते वडोदऱ्यालाच.

अखेरच्या वर्षांत त्यांना कर्करोगाने गाठले. तेव्हाची चित्रे पाहावयास कठीण आहेत: फाटलेली पोटे, सुजलेली शरीरे, शौचाच्या यातना. देहाची जी दैना आपण पडद्याआड ठेवतो आणि कीर्तनात मात्र मोठ्याने सांगतो, ती त्यांनी रंगांत, आणि तीही सुंदर रंगांत मांडली. इथेही हिशेबनिसाची सवय सुटलेली दिसत नाही. नावे बाजूची कोणतीही नोंद त्यांनी गाळली नाही. ८ ऑगस्ट २००३ रोजी, एकोणसत्तराव्या वर्षी, वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.

२०१६ साली लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. तेथील एका वजनदार वृत्तपत्राच्या समीक्षकाने ते वाचकांच्या देखत झोडपून काढले. दुसऱ्यांनी तितक्याच जोराने वाखाणले. काही दिवस वाद चालला. प्रदर्शनाला संग्रहालयाने नाव दिले होते ते त्या गाढवाच्या चित्राचेच.